बाळाला रोज कोवळं ऊन मिळतंय, मग ड जीवनसत्त्वाचे थेंब कशाला?

ठाण्याची आई
लेक अडीच महिन्यांची आहे, अंगावरच पिते. डॉक्टरांनी वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व द्यायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात, आमची पोरं तेल लावून कोवळ्या उन्हात वाढली, एकालाही मुडदूस झाला नाही. मी थेंबांच्याच बाजूची. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फारच कमी असतं, लिटरमागे शंभर युनिटसुद्धा भरत नाही. त्यात सातव्या महिन्यात माझंच रक्तातलं प्रमाण कमी निघालं होतं. जे माझ्यातच नव्हतं, ते तिला कुठून मिळणार?

साताऱ्याची आजी
अगं, आमच्या वेळी बाटल्या कुठे होत्या? मी तीन बाळंतपणं केली. अंगणात पाट मांडून, पायावर घेऊन मालिश, मग उन्हात दहा मिनिटं. आता बाळंतीण नवव्या मजल्यावर, गॅलरीला काच. बिघडलंय ते राहणं. ते सुधारायचं सोडून बाळाच्या तोंडात औषध घालायचं, हे मला पटत नाही.

बालविभागातली परिचारिका
आजी, तुमच्या मालिशला हात जोडते, पण कोवळ्या उन्हाबद्दल आपली समजूत चुकलीय. सकाळी आठला उभ्या राहा, सावली तुमच्याहून लांब पडते. सूर्य इतका कलता असतो की ज्या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं ते वातावरणातच अडतात. सावली आखूड होते तेव्हा, म्हणजे भर दुपारी, ते नीट पोचतात. त्या उन्हात तान्हं बाळ उघडं ठेवता येत नाही. आणि बंद काचेतून तर ते किरण येतच नाहीत.

आमच्याकडे सव्वा वर्षाचा एक मुलगा आला होता. काळ्या मण्यांच्या मनगट्या हातात रुतल्या होत्या. आईला वाटलं, अंग धरलंय. मनगट चाचपलं तर हाडाचा उंचवटा हाताला लागला. एक्स-रेत हाडाचं टोक वाटीसारखं खोलगट, कडा उसवलेल्या. मुडदूस. औषधाने तो सावरला, पण चालायला उशीर झाला. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही पहिल्या वर्षासाठी रोज ४०० युनिटच सांगते.

औषध दुकानदार
बाळाचं मान्य. पण गरोदरपणाचं त्यात मिसळू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं की सरसकट प्रत्येक गरोदर बाईला ड जीवनसत्त्व देण्याची शिफारस नाही. कमतरतेचा संशय असेल तर रोज २०० युनिट. ब्रिटनमध्ये गरोदर बायकांना रोज १००० युनिट देऊन पाहिलं, २०१६ मध्ये निष्कर्ष आले. एकंदरीत बाळांच्या हाडांत फरक दिसला नाही. तरी आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांना न विचारता मागायला रोज कोणीतरी येतं.

लीड्सची मराठी बाई
त्याच अभ्यासात हिवाळ्यात जन्मलेल्या बाळांच्या हाडांना फायदा दिसला होता, तेही सांगा ना. माझा मुलगा जानेवारीतला. दुपारी चारला इथे अंधार. गरोदरपणात रोज ४०० युनिट घ्यायला सुईणीनेच सांगितलं. आपल्या सावळ्या कातडीला तर या देशात वर्षभर घ्यायचा सल्ला आहे.

औषध दुकानदार
लीड्समध्ये घ्याच. माझी भीती वेगळी आहे. ६०,००० युनिटची पाच मिलीची छोटी बाटली दिसायला लहान मुलांच्या औषधासारखीच. ती कोणी चुकून बाळाला रोज पाजली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, बाळ ओकायला लागतं, शौचाला खडा होतो, वजन वाढत नाही. मला थेंबांपेक्षा या बेफिकिरीची काळजी आहे.

साताऱ्याची आजी
सावलीचं आज अंगणात बघितलं. आठला खरंच लांब होती. मग थेंब द्या. पण पोरगं चालायला लागलं की बाहेर काढा, मोबाइल देऊन घरात बसवू नका.

ठाण्याची आई
दुकानदारदादा, तुमचं वाचून बाटली उजेडात धरली. एका मिलीत ८०० युनिट. चिठ्ठीवर मात्र रोज १ मिली लिहिलंय, बहुतेक ४०० वाल्या बाटलीच्या हिशोबाने. दवाखान्यात फोन केला. उद्यापासून अर्धा मिली. ड्रॉपरवर अर्ध्याची खूण फार पुसट आहे, तिथे लाल नेलपॉलिशची रेघ ओढलीय.