मदत हवी आहे : आईची जुनी चिंता आणि सीबीटी

आई ७२ वर्षांची आहे. कुणी घरी यायला जरा उशीर केला की तिच्या छातीत धडधडतं, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. वीसेक वर्षं हे चालू आहे. आम्ही 'स्वभावच तसा' म्हणून सोडून दिलं, याचं आता फार वाईट वाटतं. थायरॉइड, हृदय तपासून झालं. बेंझोडायझेपिनच्या (चिंता कमी करणाऱ्या, झोप आणणाऱ्या) गोळ्यांनी या वयात पडण्याचा आणि विसरण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर त्या हळूहळू कमी करताहेत आणि सोबत सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी थेरपी) सुरू केली आहे.

चार सत्रं झाली. श्वासाचे व्यायाम ती मनापासून करते. रोज संध्याकाळी ठरवून २० मिनिटंच काळजी करायची, हेही बऱ्यापैकी जमतंय. अडतं ते पुढे. दिवसातून दहादा मला फोन करून 'ठीक आहेस ना?' विचारणं थांबवायचं आहे. त्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण चिंता टिकून राहते, हे मला पटलंय. तरी तिचा रडवेला आवाज आठवला की मी लगेच फोन उचलते.

कुणाच्या घरी साठीनंतर हे उपचार झालेत का? फोन टप्प्याटप्प्यानं कसे कमी केलेत? तिला ऐकायला कमी येतं, दिलेला सराव विसरते. थेरपिस्टशी बोलून काय बदल करून घेता येतील?