रायटिंग सेंटरच्या मुलाखतीत व्याकरणाची चाचणी कशाला?

ओहायोकर: मी अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या रायटिंग सेंटरमध्ये काम करते. मुलं निबंध, प्रयोगाचे अहवाल, शिष्यवृत्तीचे अर्ज घेऊन येतात आणि अर्धा-पाऊण तास ट्यूटरबरोबर बसून त्यावर बोलतात. यंदा नवे ट्यूटर निवडायच्या समितीवर मी आहे. आमच्याकडे उमेदवाराला चुकांनी भरलेला एक परिच्छेद देऊन दुरुस्त करायला सांगतात. माझं ठाम मत आहे की ही चाचणी बंद करावी.

त्याऐवजी उमेदवारासमोर कच्चा मसुदा घेतलेला एक 'विद्यार्थी' बसवावा आणि वीस मिनिटं नुसतं बघावं. "सरांनी नेमकं काय लिहायला सांगितलंय?" असं आधी विचारणारा उमेदवार आणि कागद स्वतःकडे ओढून पेन उघडणारा उमेदवार, यांतला फरक लगेच कळतो. लेखन-शिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ मध्येच मांडलं होतं की सेंटरने लेख नव्हे, लेखक घडवायचा. हे सगळ्यांना मान्य आहे. मग निवड करताना पेन चालवणाऱ्यालाच पुढे का आणायचं?

रातपाळी: असहमत. मी तीन वर्षं ट्यूटर होतो. अशा लुटुपुटुच्या सत्रात बोलकी मुलं बाजी मारतात. एफ-१ व्हिसावरच्या (परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसा) मुलाला सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि बाहेर सहसा परवानगीच नसते. त्याच्यासाठी ही नोकरी किती मोलाची आहे! अनोळखी माणसांसमोर, परक्या उच्चारांत, अभिनय करायला लावून त्याला जोखणार? कागदावरच्या चाचणीला निदान तोंड बघायचं नसतं.

ओहायोकर: @रातपाळी, मुद्दा रास्त आहे, पण त्यावर उपाय आहे. मसुदा आदल्या दिवशी पाठवायचा. सगळ्यांना तोच मसुदा, आणि निकषही आधीच कळवायचे. आम्ही वक्तृत्व तपासत नाही. विद्यार्थी बोलत असताना हा ऐकतो का, प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबतो का, हे बघायचं आहे. अबोल मुलं यात बऱ्याचदा सरस ठरतात.

मराठी माध्यम: मी टेबलाच्या पलीकडे बसले आहे, म्हणून लिहिते. मास्टर्सच्या पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीतला 'द' (the) कुठे लावायचा आणि कुठे नाही, एवढंच विचारायला गेले होते. आपल्या भाषेत आर्टिकल नाहीतच. ट्यूटर प्रत्येक वाक्यावर मलाच विचारायचा, "तुला काय वाटतं?" मला कळत असतं तर मी गेलेच नसते! दुरुस्त करून द्यायचं नाही, हा नियम इंग्रजी घरात ऐकत वाढलेल्यांना सोयीचा आहे. आम्हाला नियम सांगणारं कुणीतरी लागतं. त्यामुळे चाचणी ठेवाच. फक्त चूक शोधायला सांगू नका, ती चूक का आहे ते समजावायला सांगा.

रातपाळी: +१. कानाला चुकीचं वाटतं पण कारण सांगता येत नाही, असे ट्यूटर मी भरपूर पाहिलेत.

ओहायोकर: @मराठी माध्यम, हे पटलं. आमच्या सत्रातला मसुदा दुसरी भाषा म्हणून इंग्रजी लिहिणाऱ्याचाच ठेवू आणि 'विद्यार्थ्याला' आर्टिकलबद्दल थेट विचारायला लावू. पण ते समजावणं समोरासमोरच व्हावं, वेगळ्या पेपरात नको.

कचेरीतला: एक व्यवहाराची गोष्ट. खऱ्या विद्यार्थ्याचा मसुदा त्याच्या लेखी परवानगीशिवाय वापरू नका. विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणारा फर्पा कायदा १९७४ पासून आहे. समितीनेच एक मसुदा लिहावा.

शब्दवेडी: चॅटजीपीटी २०२२ च्या अखेरीस आलं, तेव्हापासून व्याकरण मुलं घरूनच स्वच्छ करून आणू शकतात. वाक्यं गुळगुळीत, पण म्हणणं काहीच नाही, अशा मजकुराचं ट्यूटर काय करणार? मी तर मुलाखतीत असाच मसुदा ठेवीन. चुका शोधणाऱ्याला तिथे एकही सापडणार नाही. "यात तुझं मत कुठलं?" हे मुलाला न दुखावता विचारता येणारा माणूस मला हवा.

रातपाळी: हे मान्य. तरी एक प्रश्न उरतोच: 'विद्यार्थी' कोण होणार? सेंटरची प्रमुखच समोर बसली तर उमेदवार तिला काय विचारणार, आणि तिच्या लिखाणाला कच्चं कसं म्हणणार? ते काम सध्याच्या एखाद्या ट्यूटरला द्या, त्या तासाचे पैसे द्या, आणि निवडीत त्याचंही मत धरा. एवढं करणार असाल तर कागदावरच्या चाचणीचा हट्ट मी सोडतो.

ओहायोकर: ट्यूटरचं मत धरायचं हे समितीत मांडते. पैशांसाठी वरून मंजुरी लागेल, तीही मागते.