हारिस अलेक्सिऊने 'लाइको' मागे टाकून काय गमावले?

मध्यलय :

नेटफ्लिक्सवरची 'मॅएस्ट्रो' ही ग्रीक मालिका आपल्याकडे बऱ्याच जणांनी पाहिली असेल. पाक्सोस बेटावर घडणाऱ्या त्या कथेतल्या एका वयस्क स्त्रीच्या भूमिकेत हारिस अलेक्सिऊ दिसते. ती मुळात अभिनेत्री नाही; गेल्या अर्धशतकातली ग्रीसची ती बहुधा सर्वांत लाडकी गायिका आहे आणि तिथले लोक तिला आजही मायेने 'हारूला' म्हणतात. मालिका पाहून तिची गाणी शोधू लागलेल्या श्रोत्याच्या हाती बहुतेक वेळा पहिल्यांदा 'नेफेलीचा टँगो' लागतो. चाल कॅनडाच्या लोरीना मॅकेनिटची, ग्रीक शब्द अलेक्सिऊचे. हे गाणे सुंदर आहे, त्याविषयी वाद नाही. माझे म्हणणे असे आहे, की 'अष्टपैलू गायिका' म्हणून तिचे कौतुक करताना 'लाइको' हे ग्रीसचे शहरी गाणे मागे टाकून तिने काय गमावले याचा हिशेब कोणी मांडत नाही.

तिचा जन्म १९५० साली थीबा येथे झाला आणि १९५८ मध्ये कुटुंब अथेन्सला आले. १९७२ साली अपोस्तोलोस काल्दारासचे संगीत आणि पिथागोरासचे शब्द असलेली 'मिक्रा आसिया', म्हणजे 'आशिया मायनर' (आजच्या तुर्कस्तानातला प्रदेश), ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यात गायक योर्गोस दालारासबरोबर अलेक्सिऊ गायली आणि घराघरांत पोहोचली. १९२२ मध्ये तिथले स्मिर्ना शहर जळाले, पुढच्या वर्षी लोसानच्या करारान्वये लोकसंख्येची अदलाबदल झाली आणि बारा लाखांच्या आसपास ग्रीक ऑर्थोडॉक्स निर्वासित ग्रीसमध्ये आले. त्या आघाताला तेव्हा पन्नास वर्षे होत होती. अलेक्सिऊच्या स्वतःच्या घरातही आशिया मायनरचा वारसा होता. एकवीस वर्षांच्या मुलीच्या गळ्यातून आजीच्या पिढीचे दुःख येते आणि ते उसने वाटत नाही, हे मला आजही विलक्षण वाटते.

'लाइको' या शब्दाचा अर्थ 'लोकांचे' असा असला, तरी ते आपल्या अर्थाने लोकगीत नव्हे. ते शहरातले, बंदराजवळच्या वस्त्यांमधले, बुझुकी या लांब मानेच्या तंतुवाद्यावर उभे राहिलेले गाणे आहे आणि त्याचे मूळ 'रेबेतिको' या त्याहून जुन्या शहरी गाण्यात आहे. १९७४ मध्ये लष्करी राजवट कोसळल्यावर तरुण पिढी त्या जुन्या गाण्यांकडे नव्याने वळली आणि अलेक्सिऊ त्या वळणाच्या अगदी मध्यभागी उभी होती. संगीतकार पानायोतिस तुंदासची 'दिमित्रूला' तिने गायली आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे ते गाणे तिच्या पिढीचे झाले.

माझा मुद्दा सरळ आहे. १९७२ ते १९८३ या काळातली तिची गाणी दुसऱ्या कोणाला तशी गाता आली नसती. १९९० नंतर ती पाश्चात्त्य धाटणीकडे वळली; तेव्हापासूनची तिची अनेक गाणी मात्र एखादी चांगली फ्रेंच किंवा इटालियन गायिकाही गाऊ शकली असती.

निळासागर :

असहमत, आणि थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या मनातले शुद्ध लाइको कधीच अस्तित्वात नव्हते. 'मिक्रा आसिया'ची गाणी स्मिर्नाच्या कॉफीगृहातून जशीच्या तशी आलेली नाहीत. एका व्यावसायिक संगीतकाराने आणि एका व्यावसायिक गीतकाराने ती १९७२ मध्ये ध्वनिमुद्रिकेसाठी रचली. १९७९ ची 'हारूलाची गाणी' तुमच्या सुवर्णकाळातच येते. तिचा संगीतकार मानोस लोइझोस अलेक्झांड्रियात जन्मला होता आणि बुझुकीइतकाच गिटारवर रमणारा होता. तिथेच पश्चिमेची हवा आत आलेली होती. दरवाजा १९९० मध्ये उघडला, असे म्हणणे कालक्रमालाच धरून नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तुमच्या आवडत्या काळातल्या तिच्या मुख्य गाण्यांचे शब्द कोणाचे आहेत, ते पाहा. 'मिक्रा आसिया'चे पिथागोरासचे, 'हारूलाची गाणी'चे मुख्यतः मानोलिस रासूलिसचे. दोघेही मोठे गीतकार होते. रासूलिसने तर १९७८ मध्ये 'जिप्सीपणाचा सूड' या ध्वनिमुद्रिकेतून सबंध लाइकोला नवी भाषा दिली. पण ते पुरुष आहेत. सोडून गेलेल्या प्रियकराची वाट पाहणारी स्त्री कशी बोलेल, हे पुरुष ठरवतात आणि अलेक्सिऊ ते अप्रतिम गाते. १९९० मध्ये थानोस मिक्रूत्सिकोसच्या संगीतात आणि १९९२ च्या 'दि' एफ्होन'मध्ये तिने शब्दांसाठी लीना निकोलाकोपूलू या स्त्री-गीतकाराला निवडले. चर्चमधली प्रार्थना संपवताना उच्चारले जाणारे शब्द त्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकात आले आणि त्याखाली एका प्रौढ स्त्रीचे प्रेम, राग आणि थकवा आला. त्यानंतर १९९५ च्या 'नेफेली मार्ग ८८' मध्ये तिने स्वतःच शब्द आणि चाली रचल्या. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांची, वीसेक वर्षे दुसऱ्यांची गाणी गायलेली स्त्री लेखणी हातात घेते, याला तुम्ही 'मागे टाकणे' म्हणता. मला मात्र इथे तिचा हिशेब पूर्ण होताना दिसतो. टँगोचे शब्दही तिचेच आहेत, हे तुम्ही स्वतः लिहिले आहे. ते शब्द ती फ्रेंच गायिका कुठून आणणार होती?

खर्ज :

दोघांच्याही बोलण्यात गाण्याच्या आतले फारसे आलेले नाही, म्हणून लिहिते. मी हिंदुस्थानी संगीत शिकले आहे आणि ग्रीक संगीत केवळ ऐकून समजून घेतले आहे, तेव्हा त्या बेताने वाचावे.

रेबेतिको आणि लाइको 'द्रोमोस'वर चालते. द्रोमोस म्हणजे रस्ता. अरबी-तुर्की मकामांचा, म्हणजे तिथल्या रागांसारख्या स्वरचौकटींचा, हा ग्रीक वारस. 'हिजाझ' नावाचा द्रोमोस ऐकला तर आपल्या कानाला बसंत मुखारीचे स्वर ओळखीचे वाटतील: कोमल रिषभ आणि त्याला लागून शुद्ध गंधार, वर धैवत-निषाद कोमल. पण बुझुकीला पडदे असतात आणि ते पियानोप्रमाणे समान स्वरांतरांनी बसवलेले असतात. ऊद (बिनपडद्यांचे अरबी तंतुवाद्य) आणि व्हायोलिनवर वाजणारे मकामाचे बारीक स्वर त्या पडद्यांवर वाजत नाहीत. वाद्याने गमावलेले हे स्वर गळ्याला भरून काढावे लागतात. अलेक्सिऊचा आवाज खालच्या सप्तकाकडे झुकणारा आणि किंचित खरखरीत आहे. सुरुवातीच्या गाण्यांत ती कोमल रिषभाला ज्या रीतीने खालून स्पर्श करून सोडून देते, ती रीत रोझा एस्केनाझी आणि रीता अबाद्झी या युद्धपूर्व गायिकांच्या परंपरेतली आहे. रेबेतिको गायिका सोतिरिया बेलूचा आवाज सरळ आणि करडा होता; अलेक्सिऊचा तसा नाही.

टँगो किंवा बॅलड स्वरसंगतीवर उभे असते. खाली गिटारचे स्वरसमूह बदलत असताना वर रिषभ हलवला, तर तो बेसूर ऐकू येतो. त्यामुळे गायिकेला ती हरकत आवरावीच लागते. तेव्हा काहीतरी गमावले गेले, या मुद्द्यावर मी मध्यलय यांच्या बाजूने आहे. पण ते शैलीच्या नावामुळे गेलेले नाही, साथीमुळे गेले आहे. जिथे साथ विरळ आहे, तिथे १९९० नंतरच्या गाण्यांतही ती हरकत परत येते.

लयीबद्दल एकच सांगते. लाइकोतल्या 'झेइबेकिको'ला नऊ मात्रा असतात आणि त्यांचा विभाग साधारण दोन, दोन, दोन, तीन असा पडतो. मत्ततालाशी मात्रांची संख्या तेवढी जुळते, चाल अजिबात जुळत नाही. परंपरेने एकट्या पुरुषाने नाचायचा तो जड, अडखळता नाच आहे. त्यावर स्त्रीने गाणे म्हणजे काय होते, ते निळासागर यांच्या मुद्द्यालाही जोडता येईल.

परदेशस्थ :

मी जर्मनीत राहतो. १९६० मध्ये पश्चिम जर्मनी आणि ग्रीस यांच्यात कामगारभरतीचा करार झाला आणि माझ्या इमारतीतले जुने ग्रीक शेजारी त्याच लाटेतून आलेल्या कुटुंबांतले आहेत. त्यांच्या घरच्या लग्नात 'दिमित्रूला' वाजली तेव्हा आजोबा आणि नात एकत्र नाचले, आणि तासाभराने टँगो लागला तेव्हाही तेच दोघे उठले. यावरून सिद्ध काही होत नाही, हे मला कळते. तरीही ज्यांच्यासाठी ही गाणी आहेत त्यांना या दोन हारूला वेगळ्या वाटत नाहीत, ही गोष्ट वादात नोंदवली जावी असे वाटते.

मध्यलय :

निळासागर यांचा गीतकारांविषयीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो मला आधी सुचला नाही, याचे वाईट वाटते. मी गाणी नेहमी सुरांच्या अंगाने ऐकत आले; शब्द अनुवादातून कळत असल्यामुळे ते कोणाचे आहेत, हा प्रश्न मी विचारलाच नाही. 'दुसरी कोणीही गाऊ शकली असती' हे माझे वाक्य मी मागे घेते.

मूळ तक्रार मात्र मागे घेत नाही, उलट खर्ज यांच्यामुळे ती मला नेमकी मांडता येते. अलेक्सिऊला स्वतःचे शब्द सापडले तेव्हा ते शब्द त्या जुन्या रिषभासकट का गाता येऊ नयेत? स्त्रीचे स्वतःचे बोलणे आणि पाश्चात्त्य स्वरसंगती यांची जोडी कोणी अपरिहार्य केली? ऐंशीच्या दशकात तिनेच 'त्सिलिका' या ध्वनिमुद्रिकेत जुनी रेबेतिको गाणी पुन्हा गाऊन दाखवली होती, म्हणजे तो गळा तिच्यापाशी तेव्हा पूर्ण ताकदीचा होता. १९९५ मध्ये तो गळा आणि ती लेखणी एकत्र आली असती, तर काय झाले असते या विचाराने मला खरोखर हुरहूर लागते. २०२० मध्ये तिने गाणे थांबवत असल्याचे जाहीर केले आणि आवाज आता मनासारखी साथ देत नाही, हेच कारण सांगितले. त्यामुळे त्या प्रश्नाचे उत्तर आता तिच्याकडून मिळायचे नाही.

परदेशस्थ यांच्या शेजाऱ्यांबद्दल एवढेच म्हणेन, की नाचणाऱ्याला वेगळे न वाटणे आणि गाणाऱ्याला वेगळे न वाटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

नव्या श्रोत्यांनी 'मिक्रा आसिया'पासून सुरुवात करून कालक्रमाने पुढे यावे, अशी माझी विनंती आहे.

निळासागर :

जोडी अपरिहार्य नव्हती, हे मान्य. पण 'दि' एफ्होन'चा संगीतकार निकोस आंदिपास मूळचा ड्रमवादक होता, त्याच्याकडून हिजाझची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. आणि अलेक्सिऊने त्याला जाणीवपूर्वक निवडले, हे विसरू नये.

ऐकण्याच्या क्रमाबद्दलही माझे मत उलटे आहे. आधी 'नेफेली मार्ग ८८' ऐकावी, त्या बाईची ओळख तिच्याच शब्दांतून करून घ्यावी आणि मग मागे 'त्सिलिका'कडे जावे. त्या क्रमाने ऐकले, तेव्हाच मला कळले की जुनी गाणी गाताना ती कोणाची वाट पाहत नाहीये, ती हिशेब मागते आहे.