वीजबाजारातले ‘शेड्यूल’, ‘लिलाव’ आणि ‘दंड’: मराठीत काय म्हणावे?

म्हापशाहून: वीज खरेदीवरच्या टिपणात ‘शेड्यूल’ला ‘वेळापत्रक’ आणि बोलीच्या प्रक्रियेला ‘लिलाव’ लिहिले, तर चालेल का?

फोंड्याहून: ‘वेळापत्रक’ नको. कदंब बसच्या वेळापत्रकात गाडी किती वाजता सुटते एवढेच असते. इथे दिवसाचे 15 मिनिटांचे 96 कालखंड आणि प्रत्येकापुढे मेगावॅट असतात. मी ‘पुरवठा-तक्ता’ लिहितो. कालखंड संध्याकाळी 7 ते 7.15, आकडा 40, म्हणजे पाव तासात 10 मेगावॅट-तास, अर्थात 10,000 युनिट. नवखे इथेच 40,000 धरून बसतात. शिवाय राज्याच्या सीमेवर घेतलेली वीज आणि ग्राहकाकडे पोचलेली वीज सारखी नसते. गळती समजा 4 टक्के असेल, तर ग्राहकापाशी 40 पोचवायला 40 भागिले 0.96, म्हणजे 41.67 मेगावॅट घ्यावे लागतात.

डिचोलीहून: ‘लिलाव’बद्दल बोलतो, कारण खरा घोळ तिथेच आहे. देवळातल्या पावणीत, म्हणजे उघड लिलावात, जो जास्त बोलतो त्याला वस्तू मिळते आणि तो आपणच बोललेली रक्कम भरतो. ‘लिलाव’ वाचल्यावर गोव्यातल्या माणसापुढे हेच येणार. डे-अहेड बाजारात, म्हणजे उद्याच्या विजेच्या बाजारात, आदल्या दिवशी बंद बोली घेतात, विकणाऱ्यांकडूनही आणि घेणाऱ्यांकडूनही. समजा एका कालखंडाला 100 मेगावॅट हवेत. विकणारे 50 मेगावॅट युनिटमागे 3 रुपयांना, 30 मेगावॅट 4.20 ला, 40 मेगावॅट 6 ला देतात. स्वस्तापासून भरत गेले की शेवटचे 20 मेगावॅट 6 रुपयेवाल्याकडून येतात. मग सगळ्यांना दर 6 रुपये, 3 रुपये सांगणाऱ्यालाही आणि 10 रुपये द्यायला तयार असणाऱ्यालाही. म्हणून ‘दुहेरी बंद बोली’ आणि ‘जुळणी दर’ हेच शब्द मला नेमके वाटतात.

म्हापशाहून: मग देशभर जुळणी दर एकच ना?

डिचोलीहून: वाहिन्यांत जागा असेपर्यंतच. जागा संपली की बाजाराचे विभाग पडतात आणि प्रत्येकाचा दर वेगळा निघतो. तिथे ‘विभागीय जुळणी दर’ लिहा, नाहीतर वाचणारा भलत्याच आकड्याने हिशेब करील.

मडगावहून: आदल्या दिवशीचा अंदाज चुकला, दुपारी अचानक पाऊस आला आणि पंखे-एसी बंद झाले, तर 1 जून 2020 पासून रिअल-टाइम बाजार आहे. तिथे दर अर्ध्या तासाला बोली लागते आणि पुरवठ्याच्या एक तास आधी बंद होते. याला ‘तत्काळ बाजार’ म्हणू नये, तासाचे अंतर राहतेच. ‘अर्ध्या तासाचा बाजार’ बरा.

तरीही फरक उरला, तर ते ‘विचलन’. तक्त्यात 40 आणि घेतले 46, म्हणजे पाव तासात 1,500 युनिट जादा. त्याच्या पैशांना सर्रास ‘दंड’ लिहितात, ते टाळा. दर वीजजाळ्याच्या फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो, आणि कमी वीज घेणाऱ्याला काही वेळा पैसे मिळतातही. ‘विचलन-हिशेब’ लिहा.