डिशवॉशरची गळती: पाणी कुठे दिसलं आणि निघालं कुठून?

आमच्या डिशवॉशरने तीन आठवडे मला छळलं. रोज नाही, मधूनच कधीतरी, दाराच्या डाव्या कोपऱ्याखाली वाटीभर पाणी. दारापाशी पाणी म्हणजे दाराचं रबर गेलं, असं मी धरून चालले. नवं रबर मागवलं, जुनं ओढून काढलं, खाचेतला काळा चिकटा टूथब्रशने घासून काढला, नवं बसवलं. पुढच्याच धुण्याला पुन्हा वाटीभर पाणी!

खरं कारण सापडलं ते खालचा स्प्रे आर्म, म्हणजे पाणी उडवणारा तो फिरता पंखा, काढून उजेडात धरला तेव्हा. त्याचे प्लास्टिकचे दोन भाग जिथे जोडलेले असतात, तिथे बोटभर सांधा उकलला होता. भोकांतून वर जायचं पाणी त्या फटीतून आडवं सुटत होतं, थेट दाराच्या खालच्या कडेवर. दाराचं मुख्य रबर दोन्ही बाजूंना आणि वर असतं. खाली वेगळी पट्टी असते, ती शिंतोडे अडवते, जोराची धार नाही अडवू शकत. आणि रोज का गळत नव्हतं? पुढच्या कोपऱ्यात मोठं ताट लावलेलं असलं की धार त्यावर अडायची. ताट नसलं की पाणी बाहेर. नवा आर्म हाताने फिरवून बसवला, दोन मिनिटांचं काम.

पाणी जिथे दिसतं तिथूनच ते निघालेलं असतं असं नाही, हे मी एक चांगलं रबर फेकून शिकले. म्हणून हा धागा. तुमच्याकडे पाणी कुठे दिसलं, धुण्याच्या कोणत्या टप्प्यात दिसलं आणि शेवटी कुठून निघालं, हे तिन्ही लिहा. आणि एक आग्रहाची विनंती: मशीनला हात लावण्याआधी प्लग काढा आणि पाण्याचा नळ बंद करा. नुसतं मशीनचं बटण बंद करून भागत नाही. प्लग मागे अडकला असेल तर एमसीबी पाडा.

*

ताई, "कोणत्या टप्प्यात" हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. माझी गळती तेवढ्याच एका प्रश्नाने सापडली.

मी खालची पट्टी (पायांपाशी असते ती) काढली, आत वर्तमानपत्र पसरलं आणि टॉर्च घेऊन एक पूर्ण धुणं होईपर्यंत जमिनीवर बसून राहिलो. पाणी भरताना कागद कोरडा. धुताना कोरडा. पाणी बाहेर टाकायला पंप सुरू झाला आणि मागच्या बाजूला कागदावर डाग पसरला. पंप थांबला, ठिबकणं थांबलं. म्हणजे बिघाड ड्रेन पाइपात. त्या पाइपात जोर येतो तो पंप चालतानाच, एरवी तो शांत पडून असतो.

कपाटाच्या फळीला पाडलेल्या भोकातून पाइप सिंककडे जातो. भोकाची कड धारदार होती आणि पंपाच्या थरथरीने पाइप तिथे घासत होता. टाचणीएवढं छिद्र. आधी टेप गुंडाळून पाहिली, दोन दिवस टिकली. मग पूर्ण पाइप बदलला आणि भोकाच्या कडेला जुन्या पाइपाचा तुकडा उभा चिरून चढवला, म्हणजे पुन्हा घासणार नाही. नवा पाइप सिंकखाली वर उचलून, कमान करून बांधायला विसरू नका. तो खाली लोळत राहिला तर सिंकचं घाण पाणी उलटं मशीनमध्ये येतं.

*

आमच्याकडे दारातून फेस आला. घरी आलेल्या पाहुण्यांनी मदत म्हणून मशीन लावलं आणि डिटर्जंटच्या कप्प्यात हाताने भांडी घासायचं लिक्विड घातलं. मशीनचं डिटर्जंट कमी फेसाचं असतं, हे लिक्विड फेसासाठीच बनवलेलं. फेस रबराला जुमानत नाही, फटीतून सरळ बाहेर येतो. धुणं रद्द करून पाणी काढलं, आतला फेस मगाने आणि फडक्याने उपसला, मग डिटर्जंट न घालता नुसत्या पाण्याने दोनदा चालवलं. एकही भाग बदलावा लागला नाही. रिन्स एड (भांड्यांवर डाग राहू नयेत म्हणून मशीनमध्ये भरायचं द्रव) भरताना सांडलं तरी असाच फेस होतो, तेव्हा सांडलेलं लगेच पुसून घ्या.

*

माझा अनुभव जरा लांब आहे, पण लिहितोच, कारण यात बाहेर एक थेंबही दिसला नव्हता.

मशीन मध्येच थांबलं आणि ड्रेन पंप घूं घूं करत चालूच राहिला. दार उघडलं तरी चालू, बटण बंद केलं तरी चालू. प्लग काढला तेव्हाच गप्प झाला. मला वाटलं पंपाचाच बिघाड. गाळणी साफ केली, पंपाच्या पात्यात काही अडकलंय का पाहिलं, काही नव्हतं.

कारण पंपाच्या खाली होतं. बऱ्याच मशीनच्या तळाशी एक उथळ ताटली असते आणि तिच्यात थर्माकोलचा ठोकळा. कुठूनही गळलेलं पाणी त्या ताटलीत साचलं की ठोकळा वर येतो आणि स्विच दाबतो. मग मशीन नवं पाणी घेणं थांबवतं आणि पंप चालू ठेवतं, म्हणजे घरात पूर येऊ नये. पंप उपसतो ते टबातलं पाणी. ताटलीतल्या पाण्यापर्यंत तो पोचतच नाही, त्यामुळे कितीही चालला तरी ठोकळा खाली बसत नाही.

काहीजण मशीन तिरपं करून ताटली रिकामी करतात आणि पुन्हा वापरू लागतात. मीही एकदा तेच केलं. चार दिवसांनी पुन्हा तेच! ताटलीत पाणी आलं कुठून, हे शोधल्याशिवाय सुटका नाही. बाजूचा पत्रा काढला. ताटली फडक्याने टिपून पूर्ण कोरडी केली. मग टॉर्चने पाहिलं तर पाणी फिरवणाऱ्या पंपाखाली पांढरा ओघळ, वाळलेल्या डिटर्जंटचा आणि क्षारांचा. पाणी वाळून जातं, ओघळ राहतो. तो वर कुठपर्यंत जातो ते बघत गेलो की उगम सापडतो. माझ्याकडे तो मोटरच्या दांड्याभोवतीच्या सीलपर्यंत गेला.

ते सील माझ्या मॉडेलसाठी सुटं मिळालं नाही, पंपाचा पूर्ण संच घ्यावा लागला. बसवायला एक दुपार गेली. वायरी सोडण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढला होता, तो फार कामी आला. पत्रा काढण्याइतका हात बसलेला नसेल तर हे काम कारागिराकडे द्या, पण ओघळाचा फोटो काढून त्याला आधीच दाखवा.

*

नव्या फरशीनंतर गळायला लागलं. मशीन परत आत सरकवताना पुढचे पाय पुरेसे वर घेतले नव्हते, त्यामुळे ते पुढे झुकलं होतं. टबाच्या तळातलं पाणी दाराच्या उंबऱ्याकडे येऊन राहायचं. स्पिरिट लेव्हल आधी टबाच्या कडेवर आडवी, मग आतून बाहेर अशी धरून पाय फिरवले. गळती बंद झाली आणि दार बंद होताना खालून घासायचं तेही थांबलं.

रबर खरंच बदलायचं असेल तर एक सांगते. नवं रबर घडी पडून येतं, ते थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, सरळ होतं. वरच्या कडेच्या मधोमध सुरू करून दोन्ही बाजूंनी खाली दाबत या. ओढून ताणू नका, ताणलेलं रबर नंतर आखडतं आणि खालचे कोपरे उघडे पडतात. सिलिकॉन भरायचा मोह तर पूर्णपणे टाळा. दार नीट लागत नाही आणि पुढच्या वेळी खाच साफ करताना हाल होतात.

*

मशीन बंद असतानाही ओल येत असेल तर थेट इनलेट पाइपाकडे जा. नळ उघडा असेल तर त्या पाइपात चोवीस तास दाब असतो. कोरडा टिश्यू प्रत्येक जोडाला गुंडाळून तासभर ठेवा, बोटाला न लागणारी ओलही कागदावर दिसते. आमच्याकडे नळाजवळच्या नटातलं वायसर दबून चपटं झालं होतं. नवं घातलं आणि हाताने घट्ट केलं. मी आधी पान्ह्याने जोर लावून आवळत होतो, त्यानेच ते वायसर कापलं गेलं होतं. इथे पाणी अडवतं ते वायसर, आटे नव्हेत, त्यामुळे टेफ्लॉन टेपचा उपयोग झाला नव्हता.

काही पाइपांच्या टोकाला जाड प्लास्टिकचा डबा असतो. त्यात गळती झाल्यास पाणी तोडणारा व्हॉल्व्ह असतो आणि पाइपाच्या आतून विजेच्या तारा गेलेल्या असू शकतात. असा पाइप कापून आखूड करू नका, कृपा करून.

*

पाणी भरताना टब वाजवीपेक्षा जास्त भरत असेल तर एक सोपी परीक्षा: भरणं चालू असतानाच वीज बंद करा. पाणी थांबलं तर व्हॉल्व्ह ठीक, मग पातळी मोजणारा भाग तपासा. वीज बंद होऊनही पाणी येतच राहिलं तर इनलेट व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. नळ लगेच बंद करा आणि व्हॉल्व्ह बदला. माझ्या मशीनमध्ये टबात तरंगणारी छोटी टोपी आहे. तिच्याखाली काडी अडकली होती, त्यामुळे ती वर उठतच नव्हती.

*

आमचं मशीन निर्दोष निघालं. पाणी यायचं ते सिंकखालच्या सायफनच्या, म्हणजे वाकड्या सांडपाणी नळीच्या, जोडातून. नळ सोडून पाहिला, गळलं नाही, म्हणून सिंकवरचा संशय गेला. पण मशीनचा पंप पाणी जोरात ढकलतो आणि तो जोर ढिल्या जोडाला सोसत नव्हता. सिंक काठोकाठ भरून बूच एकदम काढलं, तेव्हा तो जोड गळताना दिसला.

*

माझा प्रश्न आहे. धुणं संपल्यावर दाराच्या वरच्या कडेला आणि ओट्याच्या खालच्या बाजूला थेंब असतात, जमीन कोरडी. हीही गळतीच का? रबर मऊ आहे, कुठे फाटलेलं नाही.

*

ती बहुतेक वाफ आहे. शेवटच्या गरम फेरीनंतर लगेच दार किलकिलं केलं की वाफ वर जाते आणि थंड ओट्याला लागून तिचे थेंब होतात. आज धुणं झाल्यावर अर्धा तास दार उघडूच नका. खाली कागद ठेवा आणि दाराच्या वरच्या फटीत टिश्यू. तरीही वर थेंब आलेच तर दार वरच्या बाजूला नीट दाबलं जातंय का पाहा. थेंब आले नाहीत तरी लाकडी ओटा असेल तर त्याच्या खालच्या बाजूला वाफ अडवणारी पट्टी चिकटवलेली आहे ना, तेवढं बघून घ्या.

*

काल आणि आज, दोन्ही दिवस अर्धा तास थांबले. टिश्यू कोरडा, कागद कोरडा. ओट्याखाली हात फिरवला तर पट्टी होती, पण उजव्या बाजूला सुटून लोंबत होती आणि तिथलं लाकूड किंचित फुगलंय. वाळलं की नवी पट्टी लावते.