कोथरूड ते बाणेर रोज सायकलने ऑफिस, जमतं का? अनुभव हवेत

रानजाई

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यापासून आमचं घरून काम बंद होतंय आणि आठवड्यातले चार दिवस ऑफिसला जावं लागणारे. घर डहाणूकर कॉलनीच्या जवळ, ऑफिस बाणेरला हायवेच्या जरा अलीकडे. अंतर बारा किलोमीटरच्या आसपास. स्कूटरने सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी त्याहून जास्त लागतो, घरी पोचेपर्यंत डोकं इतकं दुखतं की कुणाशी बोलावंसं वाटत नाही. त्यामुळे सायकलचा विचार मनात पक्का बसलाय. सायकल चालवता येते, रविवारी अधूनमधून पाषाण तलावापर्यंत जाते, पण रोज ऑफिसला जाणं ही वेगळी गोष्ट आहे हे कळतंय.

रस्ता कुठला घ्यावा हा पहिला प्रश्न, चांदणी चौकातून बावधन-पाषाण करत की लॉ कॉलेज रोड, सेनापती बापट रोड आणि विद्यापीठ चौकातून? दुसरं म्हणजे घामाचं काय करता, आमच्याकडे ऑफिसात शॉवर नाहीये. आणि पावसाळ्यात चालू ठेवता का बंद करता? घरी सगळ्यांचं म्हणणं आहे की या ट्रॅफिकमध्ये सायकल म्हणजे जिवाशी खेळ, त्यांना काय सांगू तेही सुचवा. जे रोज जातात त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

चक्रधर_पुणे

जमतं, नक्की जमतं. मी बरीच वर्षं वारज्याहून औंधला सायकलने जातोय त्यामुळे तुमचा अर्धा रस्ता माझाच आहे.

आधी रस्त्याबद्दल, कारण माझ्या मते रोज सायकल चालणार की दोन आठवड्यात गॅलरीत उभी राहणार हे फिटनेसवर ठरत नाही, रस्ता आणि निघायची वेळ यावर ठरतं. मॅपवर जो रस्ता सगळ्यात जवळचा दिसतो तो बहुतेक वेळा सायकलला सगळ्यात वाईट असतो. सेनापती बापट रोडला चढ आहे, चढावर आपला वेग कमी झालेला असतो आणि नेमकं तेव्हाच डावीकडून रिक्षा, उजवीकडून बस अशी परिस्थिती होते, आणि पुढे बाणेर रोडला मेट्रोच्या कामामुळे रस्त्याची रुंदी कुठे किती मिळेल सांगता येत नाही. चांदणी चौकाची बाजू मला बरी वाटते. कोथरूड डेपोपासून वर चढ आहे, पहिले काही दिवस दम लागेल, पण सकाळी अंगात ताकद असते तेव्हाच तो संपतो आणि मग बावधनहून पाषाणपर्यंत बराचसा उतार मिळतो. येताना उलटं, बावधनचा चढ संध्याकाळी थकल्यावर येतो, तेव्हा सरळ सगळ्यात हलका गिअर टाका आणि घाई करू नका, उतरून चालत गेलात तरी काही बिघडत नाही. फक्त एक, ऑगस्ट २०२३ मध्ये चांदणी चौकातला नवीन पूल सुरू झाल्यापासून इतके रॅम्प झालेत की चुकीचा धरला तर थेट हायवेला लागाल, म्हणून एका रविवारी सकाळी लवकर जाऊन सायकलवरच तो भाग दोन्ही दिशांनी बघून या. हायवेवर अजिबात जायचं नाही, सर्व्हिस रोडलासुद्धा तयार काँक्रीट नेणारे मिक्सर आणि डंपर असतात, त्यांच्या ड्रायव्हरला डाव्या बाजूचं काही दिसत नाही. डंपर बाजूला आला की मी पेडल मारणं थांबवून त्याला पुढे जाऊ देतो, नेहमी.

वेळ म्हणाल तर सव्वासातला निघा. नऊ ते अकरामध्ये तोच रस्ता वेगळाच असतो. लवकर पोचून ऑफिसात चहा पिऊन निवांत काम सुरू करता येतं आणि ऊनही लागत नाही.

चालवताना अगदी फुटपाथला चिकटून जाऊ नका. नवीन माणूस भीतीने कडेला जातो आणि कडेलाच खडी, ड्रेनेजची झाकणं, जाळ्या आणि पार्क केलेल्या गाड्यांची दारं असतात. उभ्या कारपासून एक दार उघडेल एवढी जागा सोडून सरळ रेषेत चाला. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे, त्याला तुम्ही दिसलात म्हणूनच तो वाजवतोय. स्टॉपवर बस थांबली असेल तर तिच्या डावीकडून कधीच घुसू नका.

सांजवारा

घामाबद्दल मी लिहिते. मीही ऑफिसला जाते (सिंहगड रोड ते डेक्कन, तुमच्यापेक्षा कमी अंतर) आणि आमच्याकडेही शॉवर नाही.

मुख्य म्हणजे पाठीवर सॅक घेऊ नका. निम्मा घाम पाठीवरच्या सॅकमुळे येतो. मागे कॅरियर बसवून त्याला बाजूने लावायची बॅग घ्या, लॅपटॉप त्यात स्लीव्हमध्ये गुंडाळून ठेवा. शेवटचे दोन किलोमीटर मुद्दाम हळू जायचं, म्हणजे पोचेपर्यंत अंग थोडं निवतं. पोचल्या पोचल्या कपडे बदलायचे नाहीत, हे खूप जणींना माहीत नसतं, घाम थांबायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तोपर्यंत पंख्याखाली बसून पाणी प्या आणि मग ओल्या पंचाने अंग पुसून बदला. कॉटनचा टी-शर्ट चिंब होऊन तसाच राहतो, त्यापेक्षा लवकर वाळणारा स्पोर्ट्स टी-शर्ट बरा. ऑफिसचे कपडे मी सोमवारी आठवड्याचे नेऊन ड्रॉवरमध्ये ठेवते, त्या दिवशी बसने जाते. चप्पल-बूटही तिथेच.

ओढणी, सैल पलाझो, लांब कुर्त्याची टोकं यातलं काही चालवताना नको, चेनमध्ये किंवा चाकात अडकलं की थेट खाली. चेनकव्हर असलेली सायकल मिळाली तर छानच. हेल्मेट घालताना केस मागे खाली वेणीत बांधा, वर बुचडा असेल तर हेल्मेट नीट बसत नाही आणि मग ते असून नसल्यासारखं.

आणि सीटची उंची! बहुतेक बायका सीट फार खाली ठेवतात कारण दोन्ही पाय टेकायला हवेत असं वाटतं, आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात, मला हे बघून फार वाईट वाटतं. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ व्हायला पाहिजे. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, एवढी सवय केली की झालं.

जुना_डायनामो

वरचे प्रतिसाद उत्तम. मी जरा जुनं लिहितो, चालवून घ्या.

माझे वडील दापोडीहून खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत सायकलने जायचे, नोकरी संपेपर्यंत. भोंगा झाला की गेटमधून सायकलींचा लोंढा निघायचा आणि हॅरिस पुलावर एका बाजूने नुसत्या सायकलीच दिसायच्या. तेव्हा सायकलला कर होता, भरला की बिल्ला मिळायचा तो सायकलला लावायचा, आणि रात्री दिवा नसेल तर पोलीस पकडायचे. म्हणजे सायकल हे वाहन आहे हे सगळ्यांनाच मान्य होतं, रस्त्यालाही. पँटला क्लिप, कॅरियरला डबा, मागच्या चाकाला डायनामो, एवढ्यावर आयुष्यभर नोकरी केली त्यांनी आणि त्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही.

हे सांगायचं कारण असं की घरच्यांना वाटतं सायकलने कामाला जाणं हे नवीन काहीतरी खूळ आहे. सकाळी साडेसहाला कर्वे पुतळ्यापाशी उभं राहून बघा, वॉचमन, बिगारी, हॉटेलात काम करणारी मुलं, पेपरवाले, दूधवाले, किती जण आजही सायकलनेच कामावर जातायत. त्यांना कुणी सायकलिस्ट म्हणत नाही आणि त्यांच्याकडे हेल्मेटही नसतं, मागे दिवाही नसतो. २०१७ मध्ये पुण्याचा सायकल आराखडा मंजूर झाला त्यात शेकडो किलोमीटरचं जाळं मांडलं होतं, आणि मला मनापासून वाटतं की ते जाळं सगळ्यात आधी या माणसांसाठी हवं. माझ्या घराजवळ ट्रॅक म्हणून जे आहे त्यावर पेव्हर ब्लॉक उचकटलेत आणि मधोमध खांब आहे, त्यामुळे हे लोक रस्त्यावरूनच जातात. तुमच्यासारखी ऑफिसातली माणसं सायकलवर दिसायला लागली तर निदान हा विषय कुणीतरी लावून धरेल. म्हणून जरूर सुरू करा.

पॅडलपंप

+१ सगळ्यांना.

सायकलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. तुम्हाला साधी हायब्रिड (रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल) पुरे, पुढे शॉकॲब्सॉर्बर नको, त्याने फक्त वजन वाढतं. टायर ३५ मिलिमीटरच्या आसपास घ्या, फार बारीक टायर आपल्या रस्त्यांना नको. ट्यूब घेताना स्कूटरसारखा जाड वॉल्व असलेलीच घ्या, बारीक प्रेस्टा वॉल्व असेल तर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. दर आठवड्याला हवा बघा, किती भरायची ते टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं, पंक्चर होण्याचं मोठं कारण कमी हवा हेच आहे. जास्तीची एक ट्यूब, टायर काढायचे प्लास्टिकचे लिव्हर आणि छोटा पंप बॅगेत कायम पाहिजे आणि ट्यूब बदलायची प्रॅक्टिस घरी करून ठेवा, मागच्या चाकासकट.

पावसाळा: मडगार्ड दोन्ही चाकांना, पूर्ण लांबीचे. रेनकोटमध्ये आतून घामाने भिजायला होतं, मी तर पातळ जॅकेट घालतो आणि भिजतो, कोरडे कपडे ऑफिसात असतातच. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते कळत नाही तेव्हा डबक्यातून जायचंच नाही. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, कामाच्या ठिकाणी टाकलेल्या लोखंडी प्लेटा आणि गुलमोहराचा सडा, या तीन गोष्टींवर वळू नका आणि ब्रेकही मारू नका, सरळ पार करा. रिमवरचे रबरी ब्रेक ओल्यात उशिरा लागतात, आधीपासून हलके दाबत राहा. पाऊस झाला की चेन पुसून थोडं तेल. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी खुशाल बसने जा, रोज गेलंच पाहिजे असं काही नाही.

उत्रेख्तकर

मी मूळचा सांगलीचा, आता नेदरलँड्सला उत्रेख्तमध्ये असतो. इथे ऑफिसला सायकलने जाण्यात काहीच विशेष नाही त्यामुळे मी काय सांगणार असं वाटत होतं पण दिव्यांचा विषय राहिलाय म्हणून लिहितो. इथे अंधार पडला की पुढे पांढरा किंवा पिवळा आणि मागे लाल दिवा नसेल तर दंड होतो आणि दिवे लुकलुकणारे चालत नाहीत, स्थिर हवेत, कारण लुकलुकणाऱ्या दिव्यावरून सायकल किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. तुम्ही संध्याकाळी परत येणार तर मागचा लाल दिवा चांगल्यातला घ्याच, पुढच्यापेक्षाही तो महत्त्वाचा.

इथे कारमधून उतरताना दाराच्या लांबच्या हाताने दार उघडायला शिकवतात, म्हणजे आपोआप मान मागे वळते आणि येणारी सायकल दिसते. गावी आलो की घरच्यांना हे सांगत असतो, आता ते उघडतात तसं.

आणखी एक, इथे कंपनी येण्याजाण्याचा किलोमीटरमागे भत्ता देते तो सायकललाही मिळतो, २०२४ पासून २३ सेंटपर्यंत करमुक्त. उत्रेख्त स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींचं पार्किंग आहे, पहिले २४ तास फुकट. लोक सायकल चालवतात ते हौसेने नाही, सोय आहे म्हणून. तुमच्या ऑफिसात एचआरला विचारून बघा, भत्ता राहू दे पण छप्पर असलेली जागा आणि एक बाथरूम एवढं मागायला हरकत नाही. पाच-सहा जणांनी मिळून लेखी मागितलं तर लवकर होतं.

रानजाई

किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप धन्यवाद. जुना_डायनामो, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, तिचे काकाही खडकीलाच होते, ती आता विरोध करत नाहीये. रविवारी चांदणी चौकातून ट्रायल करतीये. एकच अडचण, आमच्या ऑफिसच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधला सिक्युरिटीवाला म्हणतो सायकलला जागा नाही, बाहेर भिंतीला लावा. बाहेर चोरीची भीती वाटते.

सांजवारा

हे जवळपास प्रत्येक ठिकाणी ऐकावं लागतं. त्याच्याशी वाद नको, तो सांगितलेलं काम करतोय. ॲडमिनला मेल करा की टूव्हीलरच्या एका जागेत एकापेक्षा जास्त सायकली मावतात, आणि त्यांचं उत्तर प्रिंट काढून त्याच्याकडे द्या. तोपर्यंत बाहेर लावायची तर सीसीटीव्हीसमोर, पक्क्या खांबाला, यू आकाराच्या कुलपाने फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही एकत्र अडकवून. नुसती वायर असलेलं कुलूप कटरने लगेच कापतात. फ्रेम नंबर बहुतेक सायकलींना पेडलच्या मधल्या भागाखाली कोरलेला असतो, बिलासोबत त्याचा फोटो काढून ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर तोच लागतो.

रविवारी किती वाजता निघताय? सातच्या आधी असेल तर कोथरूड डेपोपाशी मी येते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.