ड्रॅग चेनमधली प्रोफिनेट केबल सारखी जातेय, शिल्डवाली फ्लेक्सिबल केबल घेताना नक्की काय बघायचं?

वाळूज_मेंटेनन्स

नमस्कार मंडळी, वाळूजला आमच्या लाइनवर दोन सीएनसी लेथच्या वरून फिरणारा गँट्री लोडर आहे, त्याच्या ड्रॅग चेनमधली (हलणाऱ्या ॲक्सिससोबत केबल नेणारी कड्यांची साखळी) प्रोफिनेटची (मशीन कंट्रोलचं इथरनेट नेटवर्क) हिरवी केबल फार त्रास देतेय. एक्स ॲक्सिसचा ट्रॅव्हल ६ मीटर, चेनचा बेंड रेडियस ७५ एमएम (कडीवर छापलाय), चेनमधे प्रोफिनेट, झेड ॲक्सिस आणि ग्रिपरच्या सर्व्होच्या पॉवर केबल, एका लिनियर स्केलची (ॲक्सिसची जागा मोजणारी पट्टी) ५ व्होल्टची फीडबॅक केबल आणि दोन एअर पाइप. मशीन चालू असताना मधेच आयओ डिव्हाइस (नेटवर्कवरचं इनपुट-आउटपुट युनिट) गेल्याचा फॉल्ट येतो, रिसेट मारला की परत सगळं हिरवं. कधी शिफ्टमधे एकदा, कधी ओळीने येतच राहतो. केबल बाहेर काढून मल्टिमीटर लावला तर सगळे कोअर ओके, पण नवीन टाकली की काही महिने बरं चालतं आणि परत तेच.

आत्ता जी आहे तिच्यावर टाइप बी छापलंय, मशीन बिल्डरकडून तशीच आलेली. परचेसचं म्हणणं टाइप सी महाग पडते, त्यापेक्षा शिल्डवाली कॅट ६ पॅच कॉर्ड टाका, ती पण फ्लेक्सिबलच असते. मला पटत नाही पण समोर ठेवायला नीट मुद्दे पाहिजेत. शिल्डला (बाहेरचा इलेक्ट्रिकल त्रास अडवणारं आवरण) फॉइल घ्यायचं की ब्रेड म्हणजे तारांची जाळी, बाहेरचं शीथ पीव्हीसीचं की पीयूआरचं (पॉलियुरेथेन), आणि शिल्ड एकाच टोकाला अर्थ करायचं की दोन्ही, ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. कूलंट पाण्यात मिसळायचं सोल्युबल ऑइल आहे आणि ते चेनवर उडतं.

केबल_भोसरी

मीटरवर ओके येणारच, कारण केबल टेबलावर सरळ पडलेली असताना तुटलेल्या तारांची टोकं एकमेकांना टेकून बसलेली असतात, चेनच्या वळणात आली की उघडतात. आणि प्रोफिनेटला तेवढं पुरतं. अपडेट टाइम २ मिलिसेकंद असेल आणि टीआयए पोर्टलमधलं (सीमेन्सचं प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर) डिफॉल्ट कोणी बदललं नसेल तर ओळीने ३ सायकल डेटा आला नाही की डिव्हाइस गेलं असं धरतो, म्हणजे फक्त ६ मिलिसेकंद, मीटरच्या बझरला हे कळणारही नाही. तपासायचं तर केबल चेनमधेच ठेवा, ॲक्सिस हळू जॉगवर चालवा आणि स्विचच्या वेब पेजवर त्या पोर्टचे सीआरसी एरर (बिघडून आलेल्या डेटाची मोजणी) बघत राहा, काउंटर पळायला लागला की ॲक्सिस थांबवा आणि त्या वेळी केबलचा जो भाग वळणात आहे तिथे मार्करने खूण करा.

आता टाइपचं. टाइप ए म्हणजे एकेरी जाड तार, ट्रेमधे एकदा टाकली की हलवायची नाही. टाइप बी मधे साधारण ७ तारांचा कोअर असतो, ती अधूनमधून हलणाऱ्या जागेसाठी, म्हणजे दार उघडलं बंद केलं, मशीन थोडं सरकवलं. सतत हालचाल असेल, चेन असेल तर टाइप सी, याला पर्याय नाही. पॅच कॉर्ड हाताला मऊ लागते म्हणून ती चेनला चालते असं अजिबात नाही. चेनच्या केबलमधे तार बारीक असते हा अर्धाच भाग, त्या तारा किती आखूड पिळाने वळल्यात, कोअर एकमेकांवर सरकायला मधे फ्लीसची किंवा पीटीएफईची पट्टी आहे का, बाहेरचं शीथ आतल्या गाळ्यांमधे दाबून भरलंय का, यावर आयुष्य ठरतं. ते वरून दिसत नाही, फक्त डेटाशीटवर सतत हालचालीचा बेंड रेडियस आणि सायकलचा आकडा दिलेला असतो त्यावरून कळतं. तो आकडाच नसेल तर ती चेनची केबल नाही, सेल्समन काहीही म्हणो.

आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात, चेनमधे कॉपरच्या आधी शिल्ड मरतं. नुसतं ॲल्युमिनियम फॉइल असेल तर बिस्किटाच्या पुड्यातला चंदेरी कागद सारखा दुमडल्यावर चिरतो तसं ते वळणाच्या जागी चिरतं, आणि एकदा आडव्या भेगा पडल्या की त्याचं कव्हरेज १०० टक्के होतं याला काही अर्थ उरत नाही. ब्रेड टिकतं, पण तेही टिन केलेल्या बारीक तारांचं आणि चेनसाठी ठराविक कोनात विणलेलं पाहिजे, कव्हरेज ८५ टक्क्यांच्या आसपास. चांगल्या टाइप सी मधे फॉइल असलं तरी भिस्त ब्रेडवर असते. शिल्ड गेल्यावर लिंक लगेच तुटत नाही, आधी एरर वाढतात, ते पण शेजारचा सर्व्हो ॲक्सिलरेट होताना, म्हणून माणसं ड्राइव्हला दोष देत बसतात.

आयुष्याचा हिशोब परचेसला असा द्या. लोडरची एक सायकल समजा ४० सेकंदांची, तासाला ९० फेऱ्या, तीन शिफ्ट धरून २२ तास म्हणजे दिवसाला जवळपास २००० आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर ६ लाख. चेनच्या बऱ्याच केबलना ५० लाख सायकलचं रेटिंग मिळतं, म्हणजे कागदावर आठ वर्षं. पॅच कॉर्डच्या डेटाशीटवर असा आकडा दाखवा म्हणावं आणि मग किमतीवर बोलू.

खर्च खरंच कमी करायचाय तर सगळी लांबी टाइप सी कशाला? फिक्स टोक ट्रॅव्हलच्या मधोमध असेल तर चेनमधे लागते ती लांबी ट्रॅव्हलच्या निम्मी म्हणजे ३ मीटर अधिक वळणाचा भाग, सगळं मिळून ४ मीटरच्या आत. चेनच्या दोन्ही टोकांना ब्रॅकेटवर एम१२ डी-कोडचे कनेक्टर द्या, पॅनेलपासून तिथपर्यंत टाइप ए ट्रेमधून न्या आणि चेनमधे तेवढाच आखूड तुकडा टाइप सीचा. पुढे बदलायचा झाला तरी पॅनेल उघडायला नको, रात्रपाळीचा फिटरसुद्धा बदलेल.

ईएमसी_चाकण

वरचं सगळं बरोबर, पण मला खटकतोय तो ७५ एमएम रेडियस. प्रोफिनेट केबलचा बाहेरचा व्यास साधारण ६.५ एमएम, डेटाशीटला सतत हालचालीसाठी १० पट लिहिलं असेल तर ६५ येतात म्हणजे ७५ मधे बसते, पण काही टाइप सीला १५ पट लागतो, मग ९७.५ होतात आणि तीच महागडी केबल तुमच्या चेनमधे लवकर जाणार. आणि सर्व्होची पॉवर केबल तर जाडच असते, १३ एमएम धरली आणि ७.५ पट धरला तरी ९७.५. म्हणजे आत्ताची चेन त्या केबलला लहान पडतेय, ती आत सरळ राहत नाही, पिळ मारून वर येते आणि डेटा केबलला कडीवर दाबते. माझ्या मते आधी १०० रेडियसची चेन बसवायला वर उंची मिळते का ते बघा, उंची साधारण रेडियसच्या दुप्पट अधिक कडीची जाडी लागते. केबल त्यानंतर.

चेनमधे सेपरेटर लावा, पॉवर एका कडेला, डेटा दुसऱ्या कडेला, मधे एअर पाइप. प्रत्येक केबलभोवती व्यासाच्या १० टक्के तरी मोकळी जागा ठेवा आणि आत केबल टायने एकत्र बांधू नका, मी उघडलेल्या बऱ्याच चेनमधे वायरमननी नीटनेटकं दिसावं म्हणून बांधलेल्या असतात आणि तिथेच तुटलेल्या असतात. स्ट्रेन रिलीफ दोन्ही टोकांना, वळणाच्या बाहेर, रुंद क्लॅम्पने. इन्सुलेशनचं व्होल्टेज पण बघा, आयईसी ६०२०४-१ प्रमाणे एकाच डक्टमधे वेगवेगळ्या व्होल्टेजची सर्किट असतील तर सगळ्यांचं इन्सुलेशन सर्वात वरच्या व्होल्टेजला पुरणारं हवं, शेजारी ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हची मोटर केबल असताना ३०० व्होल्टची डेटा केबल चालत नाही.

आता अर्थिंग. प्रोफिनेटचं शिल्ड दोन्ही टोकांना जोडायचं. एकाच टोकाला ही सवय ४-२० मिलिॲम्पच्या ॲनालॉगवरून आली, तिथे ५० हर्ट्झची हम टाळायला ते ठीक आहे, इथे त्रास देणारी गोष्ट ड्राइव्हच्या स्विचिंगची मेगाहर्ट्झमधली आहे आणि एक टोक उघडं ठेवलं की त्या फ्रिक्वेन्सीला शिल्ड नसल्यासारखंच. दोन्ही टोकं जोडल्यावर शिल्डमधून करंट वाहतोय अशी शंका असेल तर शिल्ड सोडू नका, लीकेज क्लॅम्प मीटरने करंट मोजा आणि गँट्रीच्या कॅरेजपासून पॅनेलच्या अर्थ बारपर्यंत १० किंवा १६ स्क्वेअर एमएमची बारीक तारांची बाँडिंग वायर टाका, कॅरेज बेअरिंगवर चालते, तिच्या भरवशावर अर्थ धरू नका.

आणि शिल्डची शेपटी करून लगमधे घालणं बंद करा. १० सेंटीमीटरच्या शेपटीचा इंडक्टन्स साधारण ०.१ मायक्रोहेन्री येतो, १० मेगाहर्ट्झला हे ६ ओहमच्या वर जातं, म्हणजे इतक्या चांगल्या ब्रेडच्या टोकाला तुम्ही रेझिस्टर लावल्यासारखं. शीथ सोलून ब्रेड उघडं करायचं आणि रंग खरवडलेल्या माउंटिंग प्लेटवर सगळीकडून धरणारा क्लॅम्प, किंवा ईएमसी ग्लँड.

वाळूज_मेंटेनन्स

खूप धन्यवाद दोघांना. काल रविवारचं शटडाउन होतं म्हणून सांगितल्याप्रमाणे जॉगवर फिरवून बघितलं, फिक्स टोकापासून दीड-दोन मीटरच्या पट्ट्यात सीआरसी वाढतात, बाकी ठिकाणी काउंटर स्थिर. तिथे कापून उघडली तर फॉइलचे अक्षरशः तुकडे, हाताला चमकी लागते, ब्रेडच्या तारा एका बाजूने तुटून टोचताहेत, आणि शीथ बाहेरून कडक झालंय, नखाने दाबलं तर दबत नाही. एकच कोअर अर्धा तुटलाय, बाकी तीन चांगले. पॅनेलमधे शिल्डला पिवळ्या-हिरव्या स्लीव्हची शेपटी, बोटभर लांब, लग करून रेलच्या स्क्रूला. कॅरेजच्या बाजूला बाँडिंग वायर नाहीच.

शीथ कडक झालं ते कूलंटमुळे का? आणि लिनियर स्केलचा पण अलार्म येतो कधीकधी, त्याला पण हेच कारण असेल का?

केबल_भोसरी

शीथ पीव्हीसी असणार. तेलाने पीव्हीसीतला मऊपणा आणणारा प्लॅस्टिसायझर निघून जातो, मग ते कडक होतं आणि वळणात चिरतं. पीयूआर घ्या, पण सोल्युबल कूलंट म्हणजे पाणी आलंच, म्हणून पॉलिईथर बेसचं पीयूआर आहे का ते लेखी विचारा, पॉलिएस्टर बेसचं पाण्याने हळूहळू खराब होतं. वरच्या चिप झेलायला पण पीयूआरच बरं.

सर्व्हो_कुपवाड

स्केलचं वेगळं बघावं लागेल भाऊ, ५ व्होल्टचं फीडबॅक असलं की मी शिल्डच्या आधी सप्लाय मोजतो. तुमची पॅनेलपासून स्केलपर्यंत एकूण लांबी किती? समजा २० मीटर, सप्लायचा कोअर ०.२५ स्क्वेअरचा, त्याचा रेझिस्टन्स मीटरला ०.०७ ओहम, जाऊन येऊन ४० मीटर म्हणजे २.८ ओहम. स्केलने १५० मिलिॲम्प घेतले तर ०.४२ व्होल्ट वाटेतच गेले, टोकाला ४.५८ उरले आणि बहुतेक ५ व्होल्टच्या एन्कोडरना ५ टक्के टॉलरन्स म्हणजे ४.७५ च्या खाली चालत नाही. तोच कोअर ०.५ स्क्वेअरचा घेतला तर ड्रॉप निम्मा, ४.७९ मिळतात, काठावर का होईना बसतं. त्यात काही तारा तुटल्या की रेझिस्टन्स आणखी वाढतो. म्हणून फीडबॅकची केबल घेताना सिग्नलच्या जोड्या पिळलेल्या पाहिजेत हे तर आहेच, पण सप्लायचे कोअर जाड असलेली घ्या आणि ड्राइव्हला सेन्सची वायर (टोकाचं खरं व्होल्टेज परत कळवणारी) असेल तर ती जोडा, ती रिकामी सोडलेली फार ठिकाणी बघितली.

स्टोअर्स_रांजणगाव

परचेसच्या बाजूने लिहितो, कारण आमच्याकडे मागणी येते ती "प्रोफिनेट केबल, हिरवी, ५० मीटर" एवढीच, मग स्वस्तात स्वस्त तीच येणार, त्यात परचेसचा दोष नाही. इंडेंटमधे असं लिहून द्या: प्रोफिनेट टाइप सी, ड्रॅग चेनसाठी, सतत हालचालीचा रेडियस चेनच्या रेडियसपेक्षा कमी, ५० लाख सायकल डेटाशीटवर छापलेली, टिन केलेलं कॉपर ब्रेड, पॉलिईथर पीयूआर शीथ, शेजारच्या पॉवर केबलला पुरेल असं व्होल्टेज रेटिंग, आणि कोटेशनसोबत डेटाशीट जोडणं सक्तीचं. एवढं लिहिलं की तुलना समान मालाची होते आणि आम्हाला पण ऑडिटमधे उत्तर देता येतं. ड्रममधून केबल काढताना ड्रम फिरवून काढा, बाजूने ओढून वेटोळी सोडली तर चेनमधे जायच्या आधीच पिळ बसतो, हे आमच्या स्टोअरमधल्या मुलांना मी मुद्दाम शिकवलंय.

वाळूज_मेंटेनन्स

इंडेंट याच शब्दांत टाकतो. स्केलला सेन्सची वायर आहे, वापरलेली नाही, उद्या जोडून टोकाला व्होल्टेज मोजतो. वर १०० रेडियसच्या चेनला जागा निघतेय, फक्त एक केबल ट्रे सरकवावा लागेल. शेवटचं एक, पुढच्या सेलमधे सहा ॲक्सिसचा रोबोट येतोय, त्याच्या मनगटावरून पण हीच टाइप सी नेली तर चालेल ना? म्हणजे एकच ड्रम मागवता येईल.

ईएमसी_चाकण

टाइप सी एवढ्यावर ठरवू नका. चेनची केबल एका प्रतलात वाकायला बनवलेली असते, मनगटावर ती पिळली जाते आणि पिळाला चेनसाठी विणलेलं ब्रेड लवकर तुटतं. डेटाशीटवर टॉर्शन वेगळं लिहिलेलं असतं, डिग्री प्रति मीटर असं. समजा ±१८० डिग्री प्रति मीटर लिहिलंय आणि तुमचं मनगट ±१८० फिरतं, तर मोकळी सोडलेली केबल पूर्ण १ मीटर पाहिजे, अर्ध्या मीटरवर क्लॅम्प मारला की तीच केबल ±३६० प्रति मीटर सहन करत बसते. रोबोटसाठी टॉर्शन रेटिंगचा वेगळा तुकडा मागवा, आणि ड्रेस पॅकमधे (रोबोटच्या हातावरून जाणारा केबल-पाइपचा संच) दोन क्लॅम्पच्या मधली मोकळी लांबी किती मिळते ते इंटिग्रेटरकडून ऑर्डरच्या आधी लेखी घ्या.